पेटीतले दोन हात

६ मार्च

डायरी लिहिणं हा माझा प्रांत नाही. शाळेत एकदा सुरू केली होती, ती चौथ्या दिवशी ‘आज विशेष काही नाही’ असं लिहून बंद पडली. पण आज विशेष आहे, आणि कुणाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. घरात बाबा आहेत, पण त्यांना सांगायची सोय नाही. म्हणून हा खटाटोप.

सकाळी मालक स्वतः जिना चढून वर आले. मालक वर येतात ते फक्त ओरडायला, त्यामुळे मी आधीच उत्तरं जुळवून ठेवली. तर म्हणाले, “बाई, जरा बसा.” मी उभीच. मग म्हणाले, “साहेबांचा पुतळा करायचाय. हाताचा साचा द्यायला साहेब स्वतः येणार आहेत. तुमच्याकडे.” मग मात्र मी बसले.

आमचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. खाली लोक तिकीट काढून नटनट्या आणि खेळाडूंच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, आणि वर माळ्यावर आम्ही त्या नटनट्या बनवतो. चेहरे आणि डोळे करतो तो डोळेवाला. एकेक केस सुईने रोवते ती केसवाली. मी हातवाली. माझं खरं नाव हजेरीपटावर आहे, तिथेच सुखात असतं.

आणि साहेब म्हणजे आपले साहेब. ज्यांनी युद्ध थांबवलं ते. दोन वर्षांपूर्वी सरहद्दीच्या पुलावर त्यांनी पलीकडच्या अध्यक्षांशी हात मिळवला, तो फोटो आता न्हाव्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या शांतता पुरस्कारासाठी आता पाचच नावं उरलीत आणि त्यात साहेबांचं आहे. मेअखेरीला निकाल. मालकांना त्याच दिवशी पडदा ओढायचाय: साहेब आणि अध्यक्ष, हातात हात. आणि ते हात मी करणार. मी! दिवसभर माझं मन ठिकाणावर नव्हतं, मेण उतू घालवलं, डोळेवाला हसत बसला.

बाबांना सांगायची सोय नाही, कारण धाकटा. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. पुलावर हात मिळाले त्याच्या आदल्या आठवड्यात तो टेकडीवरच्या लढाईत गेला. टीव्हीवर तो समारंभ चालू होता तेव्हा आमच्याकडे माणसं भेटायला येत होती.

मी असा विचार करते की साहेबांनी युद्ध थांबवलं नसतं तर अजून किती जणींचे धाकटे गेले असते. असाच विचार करायला हवा. नाहीतर करायचा तरी कसा?

१० मार्च

शेवटी सांगितलं. जेवताना. बाबांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

“मिळणार त्याला ते बक्षीस?”

“मिळायलाच हवं.”

“नाही.”

“काय नाही?”

“लायक नाही.”

झालं. एवढं बोलून ताट उचलून मोरीत. बाबांनी सारी हयात बस चालवली, चालकाशी बोलू नये ही पाटी त्यांच्या डोक्यावर कायम होती, ती अजून उतरलेली नाही. मी मात्र ऐकून घेणारी नाही. मोरीपर्यंत मागे गेले, म्हटलं, सगळं जग ज्या माणसाला डोक्यावर घेतंय तो तुम्हाला लायक वाटत नाही, म्हणजे तुमचं दुःख तेवढं खरं आणि बाकीच्या आयांची पोरं परत आली ती खोटी का? बोलून गेले. मग जीभ चावली.

ते चपला घालून पत्ते खेळायला गेले. आमच्या संग्रहालयाचा पहारेकरी आणि बाबा यांचा रोजचा डाव असतो.

आल्यावर मात्र दारातच विचारलं, “हाताचा साचा कसा घेतात गं?”

इतकी वर्षं मी हे काम करते. आज पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मला इतका आनंद झाला की मी भांडण विसरून तासभर सांगत बसले.

१९ मार्च

पुलावरचा तो क्षण आज पुन्हा पुन्हा पाहिला. सावकाश, थांबवून, मागे नेऊन. काय तो क्षण! दोन्ही बाजूंना सैन्य, मधे रिकामा पूल, आणि हे दोघे म्हातारे दोन टोकांकडून चालत येतात. साहेब आधी हात पुढे करतात. आधी! ज्या माणसाच्या तोफांनी आपली गावं उठवली त्याच्यापुढे आधी हात करायला काय छाती लागत असेल. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी पगारी नोकर म्हणून बघत होते, भाविक म्हणून नव्हे.

डोळेवाल्याला काटाबिटा येत नाही. तो म्हणतो, “युद्ध सुरू झालं तेव्हा मंत्रिमंडळात कोण होतं? हेच. आधी काडी लावायची, मग बंब बोलवायचा, आणि बंबाबरोबर फोटो.” म्हटलं, तू डोळे रंगव, तुझे स्वतःचे पिवळे झालेत. तरीपण घरी येताना तेच डोक्यात घोळत होतं. असतील मंत्रिमंडळात. पण सुरू करणारे चिक्कार असतात. थांबवणारा एक निघाला.

कामापुरतं बोलायचं तर फोटोतले हात सैल आहेत. बोटांना बोटं लागलीत एवढंच. दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, ते स्वाभाविकच आहे.

अध्यक्ष काही येणार नाहीत. त्यांच्या जागी कुणाचा तरी रुंद, जाड, म्हातारा हात हवा. पहारेकऱ्याचा पसंत केला. तो सकाळपासून हात खिशात घालून हिंडतोय, जपून.

२ एप्रिल

आज सुट्टी. बाबा म्हणाले, ती पेटी घरी आणून दाखव की. आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली.

पेटी माझी स्वतःची कल्पना आहे. लाकडी खोका, वरून उघडा, दोन बाजूंना मनगट बसेल एवढ्या खाचा. दोघांनी समोरासमोर बसायचं, खाचांतून हात आत घालून मिळवायचे, मनगटाभोवती कापड घट्ट गुंडाळायचं. मग वरून मी ते मिश्रण ओतते, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ना, तसलं गुलाबी, पिठल्यासारखं. घट्ट झालं की रबरासारखं होतं, हात हळूच सोडवून काढायचे, आत हातांच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात मेण. साचा एकदाच चालतो, मेणाचे हात काढताना तो फाटतोच. त्यामुळे मी दर वेळी देवाचा धावा करते.

बाबांनी पेटीत हात घातला आणि मी माझा. लहानपणी रस्ता ओलांडतानाच काय तो त्यांचा हात धरलेला.

“मधेच काढला हात तर?”

“तर सगळं वाया. परत पहिल्यापासून.”

“म्हणजे काढता येत नाही.”

“काढता येतो हो. पण कुणी काढत नाही. आतून धरल्यासारखं वाटतं.”

“किती वेळ?”

“पाण्यावर आहे. कोमट असलं तर लगेच घट्ट होतं, गार असलं तर सावकाश.”

“बर्फाचं असलं तर?”

“मग बसा गप्पा मारत,” मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण मान हलवली. मग विचारलं की खोलीत कोण कोण असतं. म्हटलं, मी, ते दोघं, आणि साहेबांची एखादी सचिव. पहारा दाराबाहेर, कारण माळ्यावर माणसं जास्त झाली की फळ्या हलतात आणि साचा बिघडतो.

धाकटा गेल्यापासून त्यांनी एवढे प्रश्न कुणालाच विचारले नव्हते. मला वाटतं, माझ्या कामाचा त्यांना अभिमान वाटायला लागलाय.

१४ एप्रिल

उद्या. माळा तीनदा झाडला. सुरक्षावाल्यांनी माझ्या सगळ्या सुऱ्या-कोरण्या मोजून नेल्या, एक लाकडी चमचा ठेवला. बाबांनी नखं कापली. मी म्हटलं, तुम्हाला कुठे बोलावलंय? म्हणाले, वाढली होती.

१५ एप्रिल

आज अक्षराला नावं ठेवू नये.

सकाळीच पहारेकऱ्याने दगा दिला. उजव्या हाताला फडकं बांधून हजर. मुरगळला म्हणे, बादली उचलताना. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. साहेब अर्ध्या तासात येणार आणि अध्यक्षांचा हात नाही! मालक जिन्यात वरखाली करायला लागले. पहारेकरीच म्हणाला, “तुमच्या वडिलांचा हात अगदी माझ्यासारखा आहे. खालीच बसलेत.” माझा जीव भांड्यात पडला. बाबा माझा डबा द्यायला आले होते. डबा मी सकाळी घेऊन निघाले होते, पण त्या गडबडीत ते कोण बघतो. त्यांनी धाकट्याचा निळा शर्ट घातला होता. म्हटलं, बरं झालं, नीटनेटके तरी आलात.

सुरक्षावाल्यांनी त्यांना चाचपून वर सोडलं.

आणि साहेब आले. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटके आहेत. जिना चढून दम लागला होता. मला बघून म्हणाले, “तुम्हीच का हात करता? करा बाई, माझा जरा बरा करा, जन्मभर फक्त सह्या केल्यात त्याने.” घड्याळ स्वतः काढलं, बाही स्वतः दुमडली. मी त्यांच्या हाताला तेल चोळलं. या हाताने! या हाताने तो करार झाला, लाखो माणसं घरी परत आली, आणि तो माझ्या दोन तळव्यांत होता, गार, मऊ, अंगठ्यावर जुना व्रण. मला एकदम रडू येईल असं वाटलं. सांगते ते खरं सांगते, देवळातही मला असं कधी झालेलं नाही.

दोघं समोरासमोर बसले, हात मिळाले, मी मनगटांवर कापड आवळलं. मिश्रण कालवायला बादलीत हात घातला तर पाणी बर्फासारखं गार. बाबांनी आपणहून पहारेकऱ्याकडून बर्फ टाकून घेतला होता, बारकावे चांगले येतात असं मी सांगितलं होतं ना. मी ओतलं. दोन्ही हात बुडाले. सचिवबाई खिडकीशी मोबाइल बघत उभ्या राहिल्या.

साहेब गप्प बसणारे नाहीत. “काय करता आपण?” त्यांनी विचारलं.

“बस चालवायचो. आता घरीच.”

“मुलं?”

“ही एक. एक मुलगा होता. टेकडीवर गेला. पुलावर तुम्ही हात मिळवलात त्याच्या आदल्या आठवड्यात.”

साहेबांचा चेहरा लगेच तसा झाला, सभेत होतो तसा. “त्याचं बलिदान देश विसरणार नाही.”

“ते तुम्ही कळवलं होतं,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नाही, काही नाही, पुढचा थांबा सांगावा तसा. “मला एकच विचारायचंय, साहेब. त्याच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, संपलं. वरच्यांनी सांगितलंय, सामान बांधून ठेवा. त्याने बांधलं होतं. घरी येताना बहिणीला काय आणू म्हणून विचारत होता. मग एक महिना कशाची वाट बघत होतात?”

सचिवबाई धावल्याच. “अहो आजोबा, हा काय विषय आहे का? बाई, काढा ते. काढा!”

मी म्हटलं, “आत्ता काढलं तर सगळं वाया.” ते खरंच होतं. पण त्या क्षणी मी ते का म्हटलं हे मला सांगता येणार नाही.

साहेब म्हणाले, “राहू दे.”

खाली कुणीतरी पुतळ्याबरोबर फोटो काढत हसत होतं ते वर ऐकू येत होतं.

“पाहुणे यायचे होते,” साहेब म्हणाले.

“कोण?”

“बाहेरच्या देशांतले. मोठे. त्यांच्या तारखा जुळत नव्हत्या. ते साक्षीला असले तर करार मोडणं कुणालाच सोपं जाणार नाही, असं मी धरून चाललो. तोवर टेकडी शांत राहील असं पलीकडच्यांनी सांगितलं होतं. नाही राहिली.” थांबले. मग खाली पेटीकडे बघत म्हणाले, “आणि फोटो. खोटं कशाला बोलू? जगाने बघावं असं वाटत होतं मला.”

मला वाटलं आता बाबा ओरडतील. साहेबांचं मनगट खाचेत हलायला लागलं, मला स्पष्ट दिसत होतं, पेटीसुद्धा हलायला लागली.

बाबा म्हणाले, “हलू नका, साहेब. पोरीचं काम बिघडेल.”

आणि मग ते दोघं तसेच बसून राहिले, गुलाबी लगदा घट्ट होईपर्यंत. साहेबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा असून त्यांनी पुसलं नाही. बाबा त्यांच्याकडे बघत होते. मी लाकडी चमचा घेऊन नुसती उभी होते. आतमधे कोण कुणाला धरून होतं, देव जाणे.

हात सोडवल्यावर साहेब उजवा हात डाव्याने चोळत उभे राहिले. निघताना बाबांना म्हणाले, “नाव काय होतं त्याचं?”

बाबांनी सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

घरी आल्यावर मी बाबांना फैलावर घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलतात का? माझी नोकरी गेली असती. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर एवढा मोठा समारंभ, पाहुणे यायलाच हवेत की! पण मनातून मी थक्क झालेय. साहेबांना उत्तर देण्याची काही गरज नव्हती. “चौकशी करतो” म्हणून उठले असते तर कोण काय करणार होतं? असला माणूस पाहायला मिळाला, जन्माचं सार्थक झालं.

१६ एप्रिल

साचा फोडला. मी आणि डोळेवाला, दोघंच. गुलाबी रबर सोलत गेले आणि आतून ते बाहेर आले. प्रत्येक रेष, प्रत्येक छिद्र, बाबांच्या करंगळीवरची जुनी भाजल्याची खूणसुद्धा. पण हे पुलावरचे हात नाहीत. साहेबांची बोटं बाबांच्या हाताच्या पाठीत रुतलीत, चार नखांच्या चार खुणा मेणातही उमटल्यात. बुडणारा माणूस धरतो तसं धरलंय. आणि बाबांचा हात उघडाही नाही, आवळलेलाही नाही. दुसऱ्याचा भार घेतलेला हात दिसतो तसा दिसतो. गेली कित्येक वर्षं मी हात करतेय, पण असे हात माझ्या हातून कधी निघाले नाहीत, आणि हेही मी केले असं म्हणवत नाही.

डोळेवाल्याने एरवी टवाळी केली असती, आज त्याने फक्त दिवा जवळ धरला.

खाली पहारेकरी खुर्च्या हलवत होता, एका हातात दोन दोन. म्हटलं, बरा झाला का हात? म्हणाला, “कोणता?” असला विसराळू माणूस आणि याच्या भरवशावर आम्ही दाराची कुलपं टाकतो.

२८ एप्रिल

मालकांना हात पसंत नाहीत. “फोटोत बघा कसे छान सैल आहेत. हे काय, भांडण सोडवल्यासारखे? बदला.” मी नाही म्हटलं. मी नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. त्यांनी साहेबांच्या कचेरीत फोटो पाठवले, माझी खोड मोडायला. संध्याकाळी सचिवबाईंचा फोन आला: साहेब म्हणतात, हातांना कुणी हात लावायचा नाही. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग मालक अनावरणाचं बोलत बसले. निकाल लागला तरी पडदा लगेच ओढायचा नाही म्हणे. राजदूत गावाला गेलेत, ते येईपर्यंत थांबायचं. “पाहुण्यांशिवाय काय मजा? चार दिवसांनी काय बिघडतंय?”

मी बोटांच्या बेचक्यातलं जादा मेण कोरत होते. ते ऐकलं आणि माझ्या हातातली कोरणी गळून पडली. चार दिवसांनी काय बिघडतंय. धाकटा सामान बांधून बसला होता. मला फोनवर विचारत होता काय आणू, आणि मी म्हटलं होतं, तू ये म्हणजे झालं.

पाहुणे! पाहुण्यांसाठी!

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तेराव्या दिवशी कळलेल्या माणसासारखी मी, दोन वर्षांनी. त्या दिवशी मी समोर उभी होते, कानांनी ऐकलं होतं, आणि घरी येऊन बाबांनाच बोलले. त्या मेणाच्या बोटांकडे बघवेना. हातोडा घालावा असं वाटलं. घातला नाही, कारण बाबांचा हात त्यात होता.

९ मे

परदेशी वाहिनीवर साहेबांची मुलाखत. मी बघणार नव्हते. बाबांनी लावली.

मुलाखत घेणारी बाई हुशार होती, गोड बोलत होती. शेवटी विचारलं, तुम्ही स्वतःला या पुरस्काराच्या लायक समजता का? असल्या प्रश्नाला काय ठरलेलं उत्तर असतं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. साहेब उजवा हात डाव्याने चोळत होते. मग म्हणाले, करार महिनाभर आधीच तयार होता. मी पाहुण्यांसाठी थांबलो. त्या महिन्यात टेकडीवर आमची माणसं मेली आणि पलीकडचीही मेली. ती गेली ती माझ्या समारंभासाठी. हे मी आजवर लोकांना सांगितलं नव्हतं.

बाईंचा गोड चेहरा उतरला. जाहिरात लागली.

मला वाटलं होतं हे ऐकून मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. कुणी सांगितलं होतं बोलायला? तीन आठवडे दम धरला असता तर पुरस्कार खिशात होता. बाबा उठून उभे राहिले होते, ते जाहिराती संपल्या तरी उभेच.

१७ मे

रस्त्यावर मोर्चे. काही साहेबांना खुनी म्हणतात, काही देशद्रोही. न्हाव्याच्या दुकानातला फोटो उतरलाय, भिंतीवर चौकोन राहिलाय. विरोधकांनी राजीनामा मागायच्या आत त्यांनीच देऊन टाकला.

३० मे

पुरस्कार एका दूरच्या बेटावरच्या डॉक्टरीणबाईंना. चांगल्या असतील. मालक जिना चढून वर आले आणि या वेळी ओरडायलाच आले. “जोडी मोडा. मेण वाया घालवू नका, त्यातच डॉक्टरीण होईल.”

४ जून

आमच्याकडे असंच असतं. ज्याला कुणी बघायला येत नाही तो कढईत जातो. मागच्या वर्षी तीन नट आणि एक पहिलवान गेले, मला काही वाटलं नव्हतं.

डोळेवाल्याने साहेबांचे डोळे काढून डबीत ठेवले आणि म्हणाला, “मी आहे, तू जा.” मी गेले नाही. चेहरा शेवटपर्यंत वितळत नव्हता. कपाळ गेलं, गाल गेले, मग ते सगळंच नुसतं पिवळट पाणी झालं. एवढा मोठा माणूस. मी कढईपुढे उभी होते आणि मला कळत नव्हतं की मला राग आलाय की मी त्यांच्यासाठी रडतेय.

हात मी आधीच कापून काढले होते. ते चादरीत गुंडाळले आणि मालकांना सांगितलं, पडून फुटले. ते म्हणाले, तुकडे टाका कढईत. म्हटलं, टाकले. बसमधे मांडीवर तान्हं मूल घेतल्यासारखं घेऊन बसले होते.

घरी टेबलावर चादर उघडली. बाबांनी चष्मा लावला. आपलाच हात बराच वेळ बघत होते. मग बोटाने त्या चार खुणा चाचपल्या.

मी म्हटलं, “बरोबर होतं तुमचं. लायक नव्हताच तो. नाही मिळालं ते बरंच झालं.”

“मिळायला हवं होतं,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, माझी थट्टा करतायत. “बाबा! मार्चमधे तुम्हीच म्हणालात.”

“मार्चमधे नव्हताच लायक.” त्यांनी चष्मा काढला आणि धाकट्याच्या शर्टाच्या टोकाने पुसला. हल्ली तो शर्ट ते घरीच घालतात. “मी त्याला सगळ्यांपुढे सांगायला लावायला गेलो नव्हतो गं. मला फक्त माझ्यापुरतं ऐकायचं होतं. पेटीतून हात काढून निघून जाईल असं वाटलं होतं. नाही गेला. आणि मग बाहेर जाऊन सगळं घालवून बसला.”

“म्हणजे तुम्ही तिथे मुद्दाम…” मी म्हटलं. बर्फ, शर्ट, पहारेकऱ्याचं फडकं, दुसऱ्यांदा आणलेला डबा, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी मट्‌कन खुर्चीत बसले.

बाबांनी धाकट्याच्या फोटोशेजारची औषधं बाजूला सारली, जागा पुसून घेतली.

“धर इकडून,” म्हणाले, “आणि सांभाळून, त्यांचा अंगठा सुटतोय.”

मी माझ्या बापाकडे बघत राहिले. मग साहेबांच्या बाजूने धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते हात उचलून तिथे ठेवले.